दोर कमरेला, दोर पाठीला

भिलाईत वाढलेल्या माणसाला दिशा कळतात त्या पोलाद कारखान्याच्या चिमण्यांवरून. सेक्टर कुठलाही असो, गल्लीच्या टोकाशी जाऊन मान वर केली की कारखाना कुठल्या अंगाला आणि सिव्हिक सेंटर कुठल्या अंगाला, हे नव्या पाहुण्यालाही सांगता यायचं. रात्री भट्टीतला तापलेला स्लॅग ओतला की आभाळाची एक कड लालभडक व्हायची आणि गोंदियाहून पहिल्यांदाच आलेली एखादी मावशी "अगंबाई, आग लागली" म्हणत अंथरुणात उठून बसायची. आम्हा पोरांना त्या लालीचं काही वाटत नसे. आम्हाला अप्रूप होतं ते चिमणीच्या अंगावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या माणसांचं. रंगकाम निघालं, दुरुस्ती निघाली की ते ठिपके दिसायचे. मग मधल्या सुट्टीत पैजा लागायच्या: तो सरकला, नाही सरकला, आता खाली बघतोय. तो कोण, कुठल्या गावचा, त्याच्या कमरेला काय बांधलंय, हा प्रश्न कुणालाच पडत नसे.

तो प्रश्न पडायला एक अख्खी पिढी जावी लागली. हा लेख त्या पिढीबद्दल आहे.

भिलाईत मराठी माणूस काही वाट चुकून आला नाही. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरात बसूनच कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून झटत होते. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग-रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. सीमा हलली, रूळ मात्र होते तिथेच राहिले. नागपूर, भंडारा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग. त्या रुळांवरून आयटीआय झालेली, मॅट्रिक झालेली, आणि नुसतीच धट्टीकट्टी असलेली विदर्भातली पोरं भिलाईला उतरत राहिली. फिटर, वेल्डर, टर्नर, ड्राफ्ट्समन. त्यांच्या शेजारी केरळचे, आंध्रचे, पंजाबचे, बंगालचे, आणि ज्यांच्या शेतांवर हे सगळं उभं राहत होतं ते छत्तीसगडी. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. करारापासून भट्टीपर्यंत अवघी चार वर्षं. आज एखादा उड्डाणपूल पुरा व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो, असं आमच्या ओळखीचे निवृत्त काका अजून अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाजवी आहे.

त्या चार वर्षांची छायाचित्रं पाहिली की क्रेनपेक्षा माणसंच जास्त दिसतात. त्या काळी देशभरातल्या बांधकामांची रीतच ती होती. बल्ल्या उभ्या करायच्या, आडव्या बांधायच्या, काथ्याच्या दोराने आवळायच्या, वर फळ्या टाकायच्या, झाली परांची. फळ्यांमध्ये हातभर फट राहिली तर राहिली. उतरत्या पाट्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत, त्यांवरून रेजा डोक्यावर घमेलं घेऊन अनवाणी वर जायच्या. छत्तीसगडात बांधकामावरच्या मजूर बाईला रेजा म्हणतात. तिच्या एका हाताने घमेलं धरलेलं, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा. कठडा असता तरी तो धरायला तिला तिसरा हात नव्हता. उंचीवर काम करणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी पुरुषांच्या सांगतो, म्हणून तिचं नाव आधी घेतलं.

माणसं पडत होती का? पडत होतीच. अशा प्रचंड कामात ती कुठे पडत नव्हती? पण पडण्याचा अर्थ वेगळा लावला जायचा. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईत अनेक वर्षं राहून कामगारांच्या जगण्यावर विस्ताराने लिहिलं आहे. कारखाना उभा राहत असताना नरबळीच्या अफवा कशा पसरल्या होत्या, हे त्यांनी नोंदवलं. एवढं मोठं धूड उभं राहायचं तर ते माणूस मागणारच, अशी भावना. आपल्याकडे किल्ल्यांच्या बुरुजांच्या आणि धरणांच्या भिंतींच्या अशाच गोष्टी आहेत; त्या सांगणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. पण या समजुतीचा एक परिणाम होतो. माणूस पडला की तो 'घेतला गेला' असं म्हटलं जातं. मग कठडा का नव्हता, फळी कुणी काढली, हे विचारायची गरजच उरत नाही.

आमच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये एक खलासी राहायचे. मलबार किनाऱ्यावर जहाजं ओढणाऱ्यांचा हा धंदा. दोर, कप्पी आणि अंगातला ताल यांच्या जोरावर टनावारी लोखंड जागच्या जागी बसवणारी माणसं. पोलाद कारखान्यांनी खलासी हे नाव थेट कामाच्या हुद्द्यात घेतलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या तळव्यांना घट्टे होते आणि चालताना पायाची बोटं जमीन पकडायची. ते बोटांकडे दाखवून सांगायचे, "गर्डर पे ये काम आती हैं, जूता नहीं." मनिला दोराला गाठ कशी मारायची, ती ताणावर कशी घट्ट होते आणि झटक्यात कशी सुटते, हे त्यांनी आम्हाला अंगणातल्या पेरूच्या झाडावर शिकवलं. गणपतीचा मांडव घालायची वेळ आली की मराठी मंडळी त्यांनाच बोलवायची. ते शिडीविना बल्लीवर चढून जायचे आणि खाली उभे असलेले आमचे सगळे काका, मामा, भाऊजी एका सुरात म्हणायचे, "वा! याला म्हणतात छाती."

छाती. सगळा मान तिथे होता. उंचीवर ज्याचे पाय लटपटत नाहीत तो मर्द. जो पट्टा मागतो तो नवशिका. वेल्डिंग करताना नुसत्या मांड्यांनी बीम धरून बसणाऱ्याची कीर्ती एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये जायची. यात खोटं काही नव्हतं. ते कसब खरं होतं, ती एकमेकांवरची भिस्त खरी होती. वरचा माणूस खालच्याच्या एका शिट्टीवर जीव टाकायचा. आज त्या भिस्तीची आठवण काढून ज्यांचा गळा दाटतो, त्यांना मी दोष देणार नाही, माझाही दाटतो.

पण त्या काळी उपाय ठाऊकच नव्हते, हे म्हणणं टिकत नाही. १९३२ साली न्यूयॉर्कमधल्या एका अर्धवट गगनचुंबी इमारतीच्या तुळईवर बसून डबा खाणाऱ्या अकरा कामगारांचा फोटो जगभर गाजला. पाय अधांतरी, पट्टा नाही, दोर नाही. तो आजही उपाहारगृहांच्या भिंतींवर दिसतो. त्यानंतर काही वर्षांतच सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल उभा राहत होता आणि तिथे कामाखाली सुरक्षा जाळं पसरलं होतं. त्या जाळ्याने एकोणीस जणांना झेललं. फेब्रुवारी १९३७ मध्ये एक परांची तुटून जाळ्यावर कोसळली, जाळं फाटलं आणि दहा जण गेले, हेही खरं. पण ते एकोणीस वाचले होते. जाळं महाग होतं, तरीही ते बांधायचं असं कुणीतरी ठरवलं होतं. त्या जाळ्याचा फोटो मात्र कुणी भिंतीवर लावत नाही. अधांतरी पाय सोडून बसलेली माणसं आपल्याला आवडतात.

आपला कारखाना कायदा भिलाईहून जुना होता. १९४८ चा, अंमल १ एप्रिल १९४९ पासून. त्याच्या कलम ३२ मध्ये पायाखालच्या जागेचा विचार पहिल्यापासून होता: जमीन, पायऱ्या, जिने, वाटा भक्कम असाव्यात, गरज असेल तिथे मजबूत कठडा असावा, आणि माणसाला जिथे काम करावं लागतं तिथवर जायला सुरक्षित वाट असावी. कलम ३३ सांगायचं की खड्डे, टाक्या, जमिनीतली भगदाडं झाका नाहीतर त्यांना कुंपण घाला. कलम २९ मध्ये तर पोलाद कारखान्याच्या खास कामाची गोष्ट होती: वरच्या क्रेनच्या रुळांवर किंवा जवळ कुणी काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था करा. हे सगळं लिहिलेलं होतं. पण उंचीवर काम करणारा माणूस पडण्याची शक्यता असेल तर कुंपणाने किंवा अन्य मार्गाने त्याची सुरक्षितता पाहा, हे वाक्य मूळ मजकुरात नव्हतं. वाटांवर पाय घसरेल असं काही सांडलेलं नको, हेही नव्हतं. ही वाक्यं सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दुरुस्त्यांनी आली. म्हणजे पहिली भट्टी पेटली तेव्हा जिन्यावरच्या माणसासाठी कायद्यात कठडा होता, तुळईवरच्या माणसासाठी एक ओळही नव्हती.

१९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमणं भाग पडलं. भोपाळ वायुदुर्घटनेनंतरच्या १९८७ च्या दुरुस्तीने मालकाची सर्वसाधारण जबाबदारी आणि कामगारांचा सुरक्षा समितीतला सहभाग कायद्यात आला. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था होती, तिथलं औद्योगिक सुरक्षेचं संग्रहालय होतं. तिथून प्रशिक्षण घेऊन आलेले लोक आता शॉपमध्ये हिंडू लागले. सुरुवातीला त्यांना कुणी विचारत नसे. "साब, बेल्ट पहनूँगा तो काम कब करूँगा?" हे उत्तर तर देशातल्या कुठल्याही कारखान्यात ऐकू यायचं.

आणि खरं सांगायचं तर त्या उत्तरात तथ्य होतं, कारण तो पट्टाच तसा होता. कमरेभोवती जाड कॅनव्हासचा किंवा चामड्याचा पट्टा, त्याला एक कडी, कडीला दोर. दहा मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीला लागतो, तेही ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने. नुसते दोन मीटर पडला तरी वेग ताशी बावीसच्या वर जातो. एवढा वेग कमरेच्या चार बोटं रुंद पट्टीने एका झटक्यात रोखायचा, म्हणजे सगळा हिसका पोटावर आणि कण्यावर. माणूस लटकतो तो अर्धा मोडून, श्वास कोंडून. कधी तो वरच्या बाजूने पट्ट्यातून निसटतोही. म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बांधकामावर पडणाऱ्याला अडवण्यासाठी कमरेचा पट्टा वापरायला बंदी आली. आपल्याकडेही पट्ट्याची जागा हळूहळू हार्नेसने घेतली. भारतीय मानक आयएस ३५२१ च्या १९९९ च्या आवृत्तीच्या नावातच पट्टे आणि हार्नेस दोन्ही आहेत. नव्या शतकात मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर 'फुल बॉडी हार्नेस' हे शब्द मजुरांच्या तोंडी बसले.

जुन्या माणसांना हे नवं सामान दाखवताना मजा येते. मांड्यांभोवती दोन पट्टे, खांद्यांवरून दोन, छातीवर एक, आणि दोर अडकतो तो पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. पडलाच तर धक्का मांड्या, ढुंगण, छाती आणि खांद्यांत वाटला जातो आणि माणूस उभ्याने लटकतो. दोराच्या मध्ये घडी करून शिवलेली एक पिशवी असते. हिसका बसला की तिची शिवण उसवत जाते आणि त्या उसवण्यात झटका जिरतो. दोन दोर, दोन हुक: एक काढायचा तर दुसरा आधी लावायचा. शिडीवर वेगळा फॉल अरेस्टर, तुळईवरून चालायला आडवी लाईफलाईन. गर्डरवर पायाची बोटं रोवणाऱ्या चाचांना हे दाखवलं असतं तर ते हसले असते आणि मग गाठ तपासायला लागले असते.

मात्र हार्नेस घातला म्हणजे झालं, असंही नाही. हिशेब करून बघा. दोर साधारण १.८ मीटर. पिशवी उसवली की आणखी मीटर-सव्वा मीटर. त्याखाली माणसाचं शरीर, आणि पायाखाली थोडी मोकळी जागा. हुक पायाशी अडकवला असेल तर सहा मीटरच्या आसपास जागा खाली मोकळी हवी. चार मीटरच्या उंचीवर तोच हार्नेस तसाच अडकवलेला माणूस पिशवी पूर्ण उसवण्याआधीच जमिनीला लागतो. आणि लटकलेल्या माणसाला फार वेळ तसंच ठेवलं तर पायांत रक्त साचतं, शुद्ध जाते. त्याला काही मिनिटांत खाली उतरवायची तयारी आधी हवी. म्हणून या विषयातले जाणते लोक हार्नेसला शेवटचा उपाय मानतात. आधी विचारायचं: हे काम खालीच करता येईल का? जमिनीवर जोडून, वेल्ड करून, रंगवून अख्खा तुकडाच क्रेनने उचलता येईल का? मग कठडा, मग जाळं, आणि हे काहीच जमत नसेल तेव्हा माणसाच्या पाठीवरचा दोर. चाचांच्या काळात क्रमच उलटा होता. सगळ्यात आधी माणूस वर जायचा.

मोठ्या कामांची पद्धत बदलली ती इथेच. भिलाईची आठव्या क्रमांकाची झोतभट्टी 'महामाया', ४०६० घनमीटरची, फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाली. पहिल्या भट्टीनंतर एकोणसाठ वर्षांनी. आता अशा कामांत प्रचंड क्रॉलर क्रेन असतात, जमिनीवर जुळवलेले अजस्र तुकडे असतात, पाइपची परांची असते, तिच्यावर हिरवं किंवा लाल लेबल असतं: चढा किंवा चढू नका. फळ्यांच्या जागी जाळीदार लोखंडी ग्रेटिंग किंवा चेकर्ड प्लेट, कडेला दोन आडव्या रेलिंग आणि पायाशी टो-बोर्ड. ही शेवटची वीतभर पट्टी वरच्या माणसासाठी नसतेच. पाय लागलेला स्पॅनर खालच्याच्या डोक्यात पडू नये म्हणून ती असते. मला या सगळ्या सामानात सगळ्यात आवडते ती हीच. जो दिसतही नाही अशा खालच्या माणसाचा विचार लोखंडात ओतलेला.

उंचीइतकंच महत्त्व सपाट जमिनीचं, पण तिच्या गोष्टी कुणी सांगत नाही. रोलिंग मिलमध्ये तेल, ग्रीस, पाणी आणि तापल्या लोखंडावरून निघालेले स्केलचे पापुद्रे एकत्र आले की चेकर्ड प्लेटही घसरगुंडी होते. प्लेटवरचे उंचवटे वर्षानुवर्षांच्या बुटांनी झिजतात. दुरुस्तीसाठी उचललेली एक ग्रेटिंग संध्याकाळी परत बसवायची राहते आणि रात्रपाळीचा माणूस सवयीने तिथेच पाय टाकतो. पूर्वी अशा भगदाडावर कुणीतरी पोत्याचा तुकडा टाकून ठेवायचं, 'इथे काहीतरी आहे' हे सांगायला. त्यातून भगदाड आणखीच झाकलं जायचं. आता पिवळे पट्टे, बॅरिकेड, टेप, आणि उचललेल्या प्लेटची नोंद परमिटमध्ये. जुन्या मंडळींना हे पोरखेळ वाटतं. पण कमरेइतक्या खड्ड्यातही माणूस मान मोडून घेतो, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आमच्या लहानपणी ४ मार्चला सुरक्षा दिवस यायचा. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ मध्ये त्याच तारखेला स्थापन झाली, आणि १९७२ पासून हा दिवस पाळला जातो. छातीवर हिरवा बिल्ला, शाळेत चित्रकला स्पर्धा, भिंतीवर 'सुरक्षा हटी, दुर्घटना घटी'. आम्ही सगळे एकच चित्र काढायचो: हेल्मेट घातलेला हसरा कामगार आणि मागे चिमणी. चिमणीवर चढलेल्या माणसाच्या हातात आम्ही झेंडा द्यायचो. त्याच्या पाठीला दोर कुणीच काढला नाही. तो कधी पाहिलेलाच नव्हता. आज तीच स्पर्धा झाली तर पोरं हार्नेसचे पट्टे बिनचूक काढतील. यूट्यूबवर त्यांनी पाहिलेले असतात.

कागद वाढले, ही जुन्या माणसांची मोठी तक्रार. उंचीवर चढण्याआधी परमिट, हाईट पाससाठी डॉक्टरकडे रक्तदाब, चक्कर येते का, मिरगी आहे का. कामाआधी पाच मिनिटं टूलबॉक्स टॉक. "आम्ही एका शिट्टीत काम उरकायचो" असं ते म्हणतात. खरंच उरकायचे. पण शिट्टी ऐकणारा आणि वाजवणारा वर्षानुवर्षं एकत्र काम केलेले असायचे. ती ओळखच त्यांचं परमिट होती. आज वर चढणारा माणूस कुणाला ओळखतो?

जुन्या-नव्यातला खरा फरक इथे आहे, आणि तो हार्नेसच्या पट्ट्यात मावत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खाणींसकट भिलाईचे कायम कामगार साठ हजारांच्या वर होते. आता त्याचा लहानसा भाग उरला आहे. बाकीचं काम ठेक्यावर. जो काल एका साइटवर होता तो आज दुसरीकडे, उद्या रायगढला, परवा ओडिशात. चाचांना त्यांचा गर्डर माहीत होता. या पोराला आपलं परमिट ज्या भाषेत लिहिलंय ती भाषाही येईलच असं नाही. ठेका कामगारही कामगारच आहे, हे सांगण्यासाठी कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी दल्ली-राजहराच्या खाणींपासून भिलाईपर्यंत आयुष्य घातलं आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच त्यांना गोळी घातली गेली. वर चढणाऱ्याचं नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे, हा प्रश्न तेव्हापासून या गावाचा प्रश्न आहे.

मोठे अपघात गावाच्या लक्षात राहतात. १२ जून २०१४, पंपहाऊसमधली वायुगळती, सहा मृत्यू. ९ ऑक्टोबर २०१८, कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनवरचा स्फोट; पहिल्या दिवशी नऊ, पुढे आकडा वाढत गेला. या तारखा भिलाईत कुणालाही विचारा. पडणारा माणूस मात्र एकटा पडतो. त्याची बातमी दोन ओळींची असते, आतल्या पानावर, कधी तीही नाही. म्हणून पडण्याला तारीख नसते आणि तारीख नसली की चौकशीचा रेटाही नसतो. नियम नेमका या एकट्या माणसासाठी लागतो.

कायदाही आता बदलला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. कारखाना कायदा, बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा, खाण कायदा असे तेरा कायदे तिच्यात सामावले. सुरक्षा अधिकारी आता हजारांऐवजी पाचशे कामगारांच्या कारखान्यातच लागतो, धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेला. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागणार आहे. वर चढणाऱ्याच्या खिशात त्याच्या नावाचा कागद असणं, ही मला हार्नेसहून लहान गोष्ट वाटत नाही.

पण त्याच संहितेत एक सूट आहे आणि ती थेट आपल्या अंगणातली आहे. स्वतःला राहण्यासाठी बांधलेलं घर ठरावीक खर्चाच्या आतलं असेल तर ते बांधकाम म्हणून धरलं जात नाही. १९९६ च्या कायद्यात ही मर्यादा दहा लाख होती. संहितेत ती पन्नास लाख झाली.

आता जरा रिसाली, स्मृतीनगर, नेहरूनगर भागांत फेरी मारा. सेक्टरचे क्वार्टर सोडून निवृत्त झालेल्या आमच्या लोकांनी तिथे घरं बांधली. एकमजली होती त्यांवर आता दुसरा मजला चढतो आहे. बनियनवर, पंचा खांद्यावर टाकून, खुर्चीत बसून देखरेख करणारे हे काका कोण? ज्यांनी आयुष्यभर ग्रेटिंग परत बसवली का ते पाहिलं, ज्यांना परमिटचा प्रत्येक रकाना पाठ आहे, सेफ्टी वीकला ज्यांनी भाषणं दिली ते. आणि समोर दुसऱ्या मजल्याच्या कडेला, बांबूच्या परांचीवर, चप्पल घातलेला कवर्धा-बेमेतराकडचा पोरगा प्लास्टर करतोय. जिन्याला कठडा अजून बसलेला नाही, लिफ्टसाठी सोडलेल्या भगदाडावर प्लायवूडचा तुकडा. डोक्यावर घमेलं घेऊन रेजा वर जाते आहे. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या पाट्यावरून जायची तशीच.

म्हणजे सुरक्षितता फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत गेलं की आपण दुहेरी हुकाचे, बाहेर आलो की छातीचे. याला कुठला कारखाना, कुठला ठेकेदार जबाबदार नाही. खर्च आपल्या पासबुकातून होतो आहे आणि सूट आपल्याच नावाने दिलेली आहे.

भिलाईने या देशाला रूळ दिले, एका सलग तुकड्यात १३० मीटरचा रूळ इथल्या मिलमध्ये लाटला जातो. उंचीवरचं काम कसं करावं, कसं करू नये याचं शहाणपणही या गावात सगळ्यात जास्त साठलेलं आहे, आणि ते निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर गुंडाळून घरी नेलं जातं. ते बाहेर काढायला सरकारी आदेश लागत नाही. घराचं काम सुरू करताना पाइपची परांची भाड्याने घ्यायला सांगावी. जिन्याचं काँक्रीट पडलं की त्याच आठवड्यात तात्पुरता कठडा लावून घ्यावा, रंगाची वाट पाहू नये. भगदाडावर नुसतं प्लायवूड न टाकता ते खिळवून टाकावं आणि वर रंगाने लिहावं. कडेला काम असेल तर एक हार्नेस आणि तो अडकवायला स्लॅबमधून काढलेला एक भक्कम लोखंडी हुक, हा खर्च स्वयंपाकघराच्या टाइल्सहून कमी आहे. मिस्त्री म्हणेल, "भैया, इसकी जरूरत नहीं, हम तो रोज चढ़ते हैं." हे वाक्य काकांनी आयुष्यभर ऐकलं आहे आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांना पुरतं ठाऊक आहे.

ते उत्तर त्यांनी आता द्यावं. नोकरीत असताना नियम होता म्हणून दिलं. इथे नियम नाही, सूट आहे. सूट असतानाही जो कठडा लावतो, त्याच्या छातीला मी पुन्हा एकदा 'वा!' म्हणायला तयार आहे.